व्होडाफोन : विकत घेतलेली वाढ

(एका वसंत व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन)



पुणे, कोल्हापूर, नाशिक या भागात गेल्या शतकाच्या अखेरीस ज्यांनी पहिला मोबाईल घेतला, त्यांच्यापुढे दोनच दारे होती. क्रमांक ९८२२ ने सुरू होत असेल तर तो बिर्ला एटी अँड टीचा आणि ९८२३ ने सुरू होत असेल तर तो बीपीएलचा. दोन्ही कंपन्यांची एकमेकींशी स्पर्धा होती आणि ग्राहकही आपापल्या कंपनीची बाजू हिरिरीने मांडत. पुढे बिर्ला एटी अँड टीची आयडिया झाली. बीपीएलचे महाराष्ट्रातील जाळे २००६ च्या सुरुवातीला हच झाले आणि २००७ मध्ये व्होडाफोन झाले. २०१८ मध्ये व्होडाफोन आणि आयडिया यांचे विलीनीकरण झाले. म्हणजे ज्या दोन कंपन्यांतून एक निवडण्याचे स्वातंत्र्य ग्राहकाला आहे असे सांगितले जात होते, त्या दोन्ही अखेर एकाच नावाखाली आल्या. मुंबईतील ९८२० च्या ग्राहकाची कथा याहून रंगीत आहे. त्याने मॅक्स टच पाहिले, ऑरेंज पाहिले, हच पाहिले, व्होडाफोन पाहिले आणि २०२० पासून 'व्ही' पाहिले. त्याने स्वतः काहीच बदलले नव्हते. घर तेच, क्रमांक तोच, बिल भरण्याचे दुकानही बहुधा तेच. दुकानाची पाटी मात्र दर काही वर्षांनी नव्या रंगात रंगवली जात होती.

या पाट्यांच्या मागे जो व्यवहार झाला, तो नीट समजून घेण्यासारखा आहे. बहुराष्ट्रीय कंपन्या वाढतात म्हणजे नेमके काय होते, याचे व्होडाफोनइतके स्वच्छ उदाहरण क्वचित सापडेल. कारण ही कंपनी जगभर पसरली ती प्रामुख्याने मनोरे उभारून नव्हे, तर इतरांनी उभारलेले मनोरे विकत घेऊन.

न्यूबरीतील एक खोली

या कंपनीचे मूळ इंग्लंडमधील रॅकल इलेक्ट्रॉनिक्स या उद्योगात आहे. रॅकल लष्करासाठी रेडिओ संच बनवीत असे. १९८२ मध्ये ब्रिटिश सरकारने मोबाईल दूरध्वनीचे दोन परवाने देण्याचे ठरवले. एक सरकारी परंपरेतील ब्रिटिश टेलिकॉमच्या गटाला गेला, दुसरा रॅकलने मिळवला. ध्वनी, माहिती आणि दूरध्वनी या तीन इंग्रजी शब्दांचे तुकडे जोडून 'व्होडाफोन' हे नाव तयार झाले. १ जानेवारी १९८५ च्या मध्यरात्री रॅकलचे अध्यक्ष सर अर्नेस्ट हॅरिसन यांना त्यांच्या मुलाने लंडनहून पहिला दूरध्वनी केला. त्या वेळचा 'हातातला' फोन सुमारे पाच किलोंचा होता. कंपनीचे आरंभीचे कार्यालय न्यूबरी या छोट्या गावात होते आणि तेही एका 'करी हाउस'च्या वर, म्हणजे भारतीय पद्धतीचे जेवण देणाऱ्या खाणावळीच्या माडीवर. पुढे याच कंपनीने भारतात जे केले आणि भारतात तिचे जे झाले, ते पाहता हा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे.

१९९१ मध्ये व्होडाफोन रॅकलपासून वेगळी झाली. तोपर्यंत आणि त्यानंतरही काही वर्षे ती मुख्यतः ब्रिटिश कंपनीच होती. परदेशात इकडेतिकडे लहान हिस्से होते इतकेच. १९९७ मध्ये ख्रिस्तोफर जेंट हे मुख्याधिकारी झाले आणि चित्र पालटले. जेंट यांचे क्रिकेटवेड प्रसिद्ध आहे. अमेरिकेतील एअरटच ही कंपनी घेण्यासाठी जानेवारी १९९९ मध्ये जी बोलणी झाली, त्या काळात ते सिडनीत कसोटी सामना पाहत होते आणि तेथूनच मोबाईलवर सूत्रे हलवीत होते, असे सांगितले जाते. सुमारे ६० अब्ज डॉलरचा तो सौदा होता. विकत घेणारी व्होडाफोन त्या वेळी आकाराने एअरटचहून फार मोठी होती असेही नाही. मग एवढा पैसा आला कोठून?

येथेच या साऱ्या प्रकरणाची किल्ली आहे. पैसा बहुतांशी आलाच नाही. व्होडाफोनने आपले समभाग छापून एअरटचच्या भागधारकांना दिले. त्या काळात मोबाईल आणि इंटरनेट या दोन शब्दांनी शेअर बाजार भारावलेला होता. उद्याच्या नफ्याची कल्पना करून आजची किंमत ठरत होती. ज्याचा समभाग महाग, त्याच्या हातात जणू टाकसाळ. त्या चढ्या भावाच्या कागदाने खरीखुरी जाळी, खरे ग्राहक, खऱ्या इमारती विकत घेता येत होत्या. आणि मोठी कंपनी घेतली की बाजार पुन्हा खूश होई, समभाग पुन्हा चढे, पुढच्या खरेदीसाठी टाकसाळ पुन्हा सज्ज होई.

मानेसमान : एकशे दहा वर्षे आणि तीन महिने

एअरटचबरोबर व्होडाफोनच्या हाती आणखी एक गोष्ट आली. जर्मनीतील मानेसमान या उद्योगसमूहाच्या मोबाईल कंपनीत एअरटचचा ३५ टक्के हिस्सा होता. तो आता व्होडाफोनचा झाला. मानेसमान ही साधीसुधी कंपनी नव्हती. राइनहार्ड आणि माक्स या मानेसमान बंधूंनी सांध्याविना पोलादी नळी तयार करण्याची प्रक्रिया शोधली आणि १८९० मध्ये त्यावर हा उद्योग उभा राहिला. ड्युसेलडॉर्फमध्ये मुख्यालय, सुमारे एक लाख तीस हजार कर्मचारी. नळ्या, यंत्रे, मोटारींचे भाग आणि १९८९ मध्ये मिळवलेल्या परवान्यामुळे मोबाईलसेवाही. जर्मन पद्धतीप्रमाणे कंपनीच्या पर्यवेक्षक मंडळावर कामगारांचे प्रतिनिधी बसत. त्या देशात तोपर्यंत अशा मोठ्या कंपनीचा तिच्या इच्छेविरुद्ध परक्याने ताबा घेतल्याचे उदाहरण नव्हते.

ऑक्टोबर १९९९ मध्ये मानेसमानने इंग्लंडमधील ऑरेंज ही कंपनी घेण्याचे ठरवले. ऑरेंजचा मोठा विक्रेता होता हाँगकाँगचे ली का-शिंग यांचा हचिसन समूह. हे नाव लक्षात ठेवावे. ते पुढे पुन्हा पुन्हा येणार आहे. भागीदारच आपल्या अंगणात प्रतिस्पर्धी म्हणून उतरतो आहे, हे पाहून जेंट यांनी नोव्हेंबरमध्ये सबंध मानेसमानच मागितली. मानेसमानचे प्रमुख क्लाउस एसर यांनी नकार दिला. मग व्होडाफोन थेट भागधारकांकडे गेली. जर्मनीचे चान्सलर गेऱ्हार्ड श्रोडर यांनी उघड नापसंती दर्शवली, कामगार संघटनांनी विरोध केला. पण कंपनीच्या भागधारकांत निम्म्याहून अधिक हिस्सा जर्मनीबाहेरच्यांचा होता. त्यांना ड्युसेलडॉर्फच्या अभिमानाशी काय देणेघेणे? आणि ऑरेंजच्या सौद्यात मानेसमानचे समभाग मिळालेला हचिसन हा त्यांतला एक मोठा भागधारक.

ऑक्टोबरमध्ये दीडशे युरोच्या आसपास असलेला मानेसमानचा समभाग फेब्रुवारी २००० मधील अंतिम प्रस्तावात सुमारे ३५३ युरोंचा झाला. व्होडाफोनचे जवळजवळ ५९ समभाग द्यायचे आणि मानेसमानचा एक घ्यायचा. सुमारे १८० अब्ज युरोंचा हा व्यवहार म्हणजे तोवरच्या जगातील सर्वांत मोठी कंपनी-खरेदी. एकशे दहा वर्षांचा उद्योग जवळपास तीन महिन्यांत संपला. 'संपला' हा शब्द येथे अलंकारिक नाही. व्होडाफोनला हवा होता फक्त मोबाईलचा भाग. ज्या नळ्यांवर मानेसमानचे नाव उभे होते, तो व्यवसाय झाल्झगिटर या पोलाद कंपनीकडे गेला. यंत्रे आणि मोटारभागांचा व्यवसाय सिमेन्स आणि बॉश यांनी घेतला. युरोपीय आयोगाच्या अटीमुळे ऑरेंज फ्रान्स टेलिकॉमला विकावी लागली. म्हणजे ज्या खरेदीवरून युद्ध पेटले, ती ऑरेंज शेवटी दोघांपैकी कोणाकडेच राहिली नाही.

एसर यांना जाताना सुमारे ३ कोटी युरो मिळाले. त्यावरून एसर आणि त्या पैशाला मंजुरी देणाऱ्या मंडळातील डॉइच बँकेचे प्रमुख योझेफ आकरमान आदींवर ड्युसेलडॉर्फच्या न्यायालयात खटला चालला. २००४ मध्ये ते सुटले, २००५ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने ती सुटका रद्द केली आणि २००६ मध्ये आरोपींनी मिळून ५८ लाख युरो भरल्यावर प्रकरण मिटले. इकडे जेंट यांनाही या यशाबद्दल एक कोटी पौंडांचे पारितोषिक मिळाले आणि त्यांच्याच भागधारकांनी त्यावर आरडाओरड केली.

पण जर्मनीने यातून जे केले ते अधिक महत्त्वाचे आहे. झालेला व्यवहार उलटवण्याचा प्रयत्न त्या देशाने केला नाही. कंपनी-ताब्यासंबंधी युरोपात सामायिक नियम करण्याचा प्रस्ताव २००१ मध्ये युरोपीय संसदेत आला, तो समसमान मतांनी बारगळला. त्यामागे जर्मन विरोधच प्रमुख होता. आणि १ जानेवारी २००२ पासून जर्मनीने स्वतःचा ताबाविषयक कायदा अमलात आणला. लागलेली ठेच सांगून, पुढच्यासाठी नियम लिहून, तो देश मोकळा झाला. भारताचा विचार करताना हे विसरू नये.

पाट्या आणि हिशेब

त्यानंतरची दोन-तीन वर्षे पाट्या बदलण्याची होती. इटलीतील ओम्निटेल, जर्मनीतील डी-टू, जपानमधील जे-फोन, आयर्लंडमधील आयरसेल, पोर्तुगालमधील टेलिसेल ही नावे एकेक करून मिटली. स्पेनमध्ये तर 'एअरटेल' नावाची कंपनी होती. आपल्याकडील एअरटेलशी तिचा संबंध नाही, पण तीही लाल रंगात बुडाली. रीत ठरलेली होती. आधी जुन्या नावाशेजारी नवे नाव लावायचे, लोकांची नजर सरावली की जुने हळूच काढून घ्यायचे.

बाजाराची नशा मात्र मार्च २००० नंतर उतरली. चार पौंडांच्या घरात गेलेला व्होडाफोनचा समभाग २००२ मध्ये एक पौंडाखाली आला. मानेसमानचे ज्यांनी ५९ समभाग घेतले होते, त्यांनी ते वेळेत विकले नसतील तर त्यांच्या हाती काय उरले, याचा हिशेब कोणीही करावा. कंपनीच्या वह्यांत एक मोठा आकडा तसाच बसून होता. एखादा उद्योग त्याच्या मालमत्तेपेक्षा जास्त किमतीला घेतला की वरची रक्कम 'नावलौकिक' या सदरात लिहितात. हिशेबनीस त्याला गुडविल म्हणतात. मार्च २००६ ला संपलेल्या वर्षात व्होडाफोनने या सदरातून २३.५ अब्ज पौंड पुसून टाकले, मुख्यतः जर्मनी आणि इटलीतील खरेदीपोटीचे. करपूर्व तोटा १४.९ अब्ज पौंड. ब्रिटिश कंपन्यांच्या इतिहासात तोवर इतका तोटा कोणी दाखवला नव्हता. त्याच्या दोन वर्षे आधी, २००४ मध्ये, मानेसमानची सुमारे ५० अब्ज युरोंची घटलेली किंमत जर्मन प्राप्तिकरात तोटा म्हणून मांडण्याचा मनसुबा बाहेर आला, तेव्हा जर्मनीत संतापाची लाट उसळली होती. चढ्या कागदाने घ्यायचे आणि कागद उतरला की त्या उताराचा बोजा ज्या देशात खरेदी केली त्याच देशाच्या तिजोरीवर टाकायचा.

हा तोटा जाहीर झाला तेव्हा मुख्याधिकारी होते अरुण सरीन. पचमढीला जन्मलेले, खरगपूरच्या आयआयटीत शिकलेले. ते मूळचे एअरटचचे. विकल्या गेलेल्या कंपनीतला माणूस घेणाऱ्या कंपनीच्या शिखरावर पोहोचला होता. एका भारतीयाच्या या कर्तृत्वाचे कौतुक व्हायलाच हवे. मात्र व्यवसायाचे तर्कशास्त्र रक्त पाहत नाही. सरीन यांनी २००६ मध्ये जपानमधील कंपनी सॉफ्टबँकेला विकली आणि उगवत्या बाजाराच्या शोधात मायदेशाकडे नजर वळवली.

एक समभाग, केमन बेटांवर

भारतात मोबाईल १९९५ मध्ये आला. परवाने मंडळानुसार दिले होते. हचिसनने मुंबईत मॅक्स समूहाबरोबर सुरुवात केली आणि पुढे दिल्ली, कोलकाता, गुजरात अशी इतरांची जाळी विकत घेत घेत, एस्सार समूहाला सोबत घेऊन, हच मोठी झाली. म्हणजे विकत घेऊन वाढण्याची विद्या व्होडाफोनने येथे आणली नाही. ती येथे आधीच मुरली होती. थेट परकीय गुंतवणुकीची मर्यादा २००५ मध्ये ४९ वरून ७४ टक्के झाली आणि दार पुरते उघडले. ११ फेब्रुवारी २००७ रोजी हचिसनचा भारतातील हिस्सा सुमारे ११ अब्ज डॉलरना व्होडाफोनने घेतल्याचे जाहीर झाले. २१ सप्टेंबरला देशभर रातोरात पाटी बदलली. जाहिरातीतले चपट्या नाकाचे लाडके कुत्रे गुलाबी घरातून बाहेर पडले आणि लाल घरात शिरले. लोकांनी तेवढेच पाहिले.

त्या दिवसांत आणखी एक बातमी होती. ३१ जानेवारी २००७ रोजी, म्हणजे अवघे अकरा दिवस आधी, टाटा स्टीलने कोरस ही ब्रिटिश-डच पोलाद कंपनी सुमारे १२ अब्ज डॉलरना जिंकली होती. वृत्तपत्रांचे मथळे अभिमानाने भरले होते. जवळपास सारख्याच रकमेचे दोन व्यवहार. एकात भारतीयाने ब्रिटिश उद्योग घेतला, दुसऱ्यात ब्रिटिशाने भारतातला. पहिल्याचे वर्णन 'विजय' असे झाले, दुसऱ्याचे 'विश्वासदर्शक गुंतवणूक' असे. पुढे कोरसचेही ओझेच झाले आणि वेल्समधील पोर्ट टालबटची अखेरची झोतभट्टी ३० सप्टेंबर २०२४ ला विझली. तेथील कामगारांच्या वस्त्यांत टाटांचे नाव कसे घेतले जात असेल, याची कल्पना ड्युसेलडॉर्फवरून करता येईल. २०१० मध्ये भारती एअरटेलने झेन कंपनीचा आफ्रिकेतील व्यवसाय १०.७ अब्ज डॉलरना घेतला, तेव्हाही आपण टाळ्याच वाजवल्या. स्वदेशीचा विचार करणाऱ्यांनी हा आरसा टाळू नये. दत्तोपंत ठेंगडी यांनी १९९१ मध्ये स्वदेशी जागरण मंच उभा केला, तेव्हा स्वदेशी म्हणजे केवळ कोणत्या साबणाची वडी घ्यायची एवढेच नव्हे, ती देशभक्तीची व्यवहारातील अभिव्यक्ती आहे, अशी त्यांची मांडणी होती. मालकाचा झेंडा कोणता, एवढा एकच प्रश्न विचारून ती मांडणी पूर्ण होत नाही.

म्हणूनच ईस्ट इंडिया कंपनीची उपमाही येथे फारशी उपयोगी नाही. त्या कंपनीकडे तलवार होती. व्होडाफोनकडे फौज नव्हती. तिच्यापुढे विकणारे आपणहून उभे होते, त्यांत भारतीयही होते. एस्सारने २०११-१२ मध्ये आपला ३३ टक्के हिस्सा पाच अब्ज डॉलरहून अधिक किमतीला देऊन टाकला. २०१४ मध्ये उरलेले हिस्सेही घेऊन व्होडाफोन भारतातील कंपनीची पूर्ण मालक झाली.

खरा प्रश्न उभा राहिला तो कराचा. २००७ चा व्यवहार भारतातील मनोऱ्यांचा, लहरींच्या परवान्यांचा, कोट्यवधी भारतीय ग्राहकांचा होता. कागदावर मात्र त्यातले काहीच विकले गेले नव्हते. विकला गेला होता केमन बेटांवर नोंदलेल्या सीजीपी इन्व्हेस्टमेंट्स या कंपनीचा एक समभाग. त्या कंपनीच्या खाली मॉरिशस वगैरे ठिकाणच्या कंपन्यांची उतरंड आणि सर्वांत तळाशी भारतातला व्यवसाय. विकणारा परदेशी, घेणारी व्होडाफोनची नेदरलँड्समधील कंपनी, वस्तू केमनची. मग भारताचा कर कसला, असा युक्तिवाद झाला. हचिसनला झालेल्या नफ्यावरील कर घेणाऱ्याने कापून ठेवायला हवा होता, असे प्राप्तिकर खात्याचे म्हणणे. मागणी ११ हजार कोटी रुपयांच्या वर गेली.

सप्टेंबर २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खात्याच्या बाजूने निकाल दिला. २० जानेवारी २०१२ रोजी सरन्यायाधीश कापडिया यांच्या पीठाने तो फिरवला. कायद्याच्या अक्षरानुसार परदेशातील समभागाच्या अशा अप्रत्यक्ष विक्रीवर भारताला कर लावता येत नाही, असे न्यायालयाने सांगितले आणि व्होडाफोनने भरलेले २५०० कोटी रुपये व्याजासह परत करायला लावले. कायद्यात भोक होते. ते बुजवणे सरकारचे कर्तव्यच होते. पण त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात प्रणव मुखर्जी यांनी भोक बुजवताना कायद्याची दुरुस्ती थेट १ एप्रिल १९६२ पासून लागू केली. सामना संपल्यावर पंचांनी नियमपुस्तकच बदलावे, तसे हे झाले.

या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि त्यांतली एक मान्य केली की दुसरी नाकारावी लागते असे नाही. भारतातल्या मालमत्तेवर अब्जावधींचा नफा मिळवायचा आणि केमनच्या एका कागदाआड लपायचे, ही लबाडीच. आणि सर्वोच्च न्यायालयात हरल्यावर पन्नास वर्षे मागे जाऊन कायदा लिहायचा, हे सार्वभौमत्वाचे सामर्थ्य नव्हे, ती त्याची उधळपट्टी. सार्वभौम राष्ट्राचा शब्द ही त्याची पत असते. जर्मनीने जे केले होते, ते भारताला २००७ मध्येच करता आले असते : पुढच्यासाठी स्पष्ट नियम. भाजपच्या २०१४ च्या जाहीरनाम्यात 'कर दहशतवाद' हा शब्द आला. तरी तो १९६२ पर्यंत मागे जाणारा कायदा त्यानंतर सात वर्षे पुस्तकात राहिला, हेही प्रामाणिकपणे नोंदवायला हवे. २५ सप्टेंबर २०२० रोजी हेगच्या लवादाने, भारत-नेदरलँड्स करारातील न्याय्य वागणुकीच्या हमीचा भंग झाला म्हणून, व्होडाफोनच्या बाजूने कौल दिला. ऑगस्ट २०२१ मध्ये संसदेने तो मागील तारखेचा कर मागे घेतला. म्हणजे नफा हचिसनने घेतला, नामुष्की भारताने घेतली आणि कर कोणीच भरला नाही.

मालक कोण?

तोपर्यंत बाजार पार बदलला होता. ५ सप्टेंबर २०१६ रोजी रिलायन्स जिओ उतरली. दर कोसळले, ग्राहक सुखावला, आणि लहान कंपन्या एकामागून एक मिटल्या. व्होडाफोन आणि आयडिया यांनी ऑगस्ट २०१८ मध्ये एकत्र येऊन संख्येने देशातील सर्वांत मोठी कंपनी उभी केली, पण ती मोठेपणाने उभी राहिली नाही, भीतीने उभी राहिली. १९९९ च्या नव्या दूरसंचार धोरणात वाजपेयी सरकारने कंपन्यांना परवान्याच्या ठरावीक शुल्काऐवजी महसुलातील वाटा देण्याची सवलत दिली होती. त्या सवलतीनेच हा उद्योग वाचला आणि सामान्य माणसाच्या हातात मोबाईल आला. पण 'महसूल' कशाला म्हणायचे, यावर कंपन्या पुढे वर्षानुवर्षे भांडत राहिल्या आणि थकबाकी फुगत राहिली. २४ ऑक्टोबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारची व्याख्या मान्य केली आणि व्होडाफोन-आयडियावर सुमारे ५८ हजार कोटींचा बोजा आला. न्यूबरीच्या मंडळींनी भारतात आणखी पैसा ओतण्यास नकार दिला. विकत घेऊन वाढलेली कंपनी अशा वेळी जे करते तेच तिने केले. याच वर्षांत ती इतरत्रही आवरते घेत होती : अमेरिकेतील व्हेरायझन वायरलेसमधील हिस्सा २०१४ मध्ये १३० अब्ज डॉलरना गेला, २०२४ मध्ये स्पेन आणि इटलीतील व्यवसाय विकले गेले. मानेसमानचे युद्ध जिंकून मिळालेला इटलीतील व्यवसाय आठ अब्ज युरोंना स्विसकॉमकडे गेला. आणि ३१ मे २०२५ रोजी खुद्द ब्रिटनमधील व्होडाफोनचे 'थ्री' या कंपनीशी विलीनीकरण झाले. 'थ्री'चा मालक कोण होता? तोच हचिसन समूह. ऑरेंज विकणारा, मानेसमानचे समभाग खिशात घालणारा, हच विकणारा. या पंचवीस वर्षांच्या धावपळीत योग्य वेळी विकण्याचे भान फक्त त्यालाच होते, असे म्हणावे लागते.

भारतात मात्र विकत घ्यायला कोणीच पुढे आले नाही. कंपनी बुडू दिली तर बाजारात खासगी दोनच उरतात, कोट्यवधी ग्राहक वाऱ्यावर पडतात आणि सरकारची थकबाकीही बुडते. म्हणून थकबाकीचेच भागभांडवल करण्याचा मार्ग निघाला. फेब्रुवारी २०२३ मध्ये १६,१३३ कोटी रुपये आणि २०२५ मध्ये आणखी ३६,९५० कोटी रुपये समभागांत बदलले गेले आणि सरकारचा हिस्सा ४९ टक्क्यांना अगदी भिडला. कारभार बिर्ला आणि व्होडाफोन यांच्याकडेच राहिला. बीएसएनएल ही सरकारची स्वतःची कंपनी बाजूला आहेच, तिलाही हजारो कोटींची मदत द्यावी लागली आहे.

तेव्हा ९८२२ आणि ९८२३ च्या ग्राहकाच्या कंपनीचा सर्वांत मोठा भागधारक अखेर भारत सरकार झाले, म्हणजे करदाता झाला. त्याने ही खरेदी केलेली नाही. वसूल न झालेल्या येण्यापोटी ती त्याच्या पदरी आली. हा हिस्सा सरकार केव्हातरी विकेल. तो कोणाला विकायचा, परकीय मालकीची मर्यादा काय ठेवायची, केमनसारख्या आडवाटेने तो फिरून दुसऱ्याच्या हाती जाणार नाही यासाठी करारात काय लिहायचे, आणि बाजारात निदान तीन खासगी कंपन्या टिकतील हे कसे पाहायचे, हे नियम विक्रीच्या आधी, संसदेत, उघडपणे ठरले पाहिजेत. २००७ च्या फेब्रुवारीत ते ठरलेले नव्हते.